वाकळ एकटीनं होत नाही

ताई,

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याची. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मुंबईत येऊन दोनच. यांची बदली झाली म्हणून भांडुपला सातव्या मजल्यावर वन बीएचके भाड्यानं घेतलाय. मुलगी नऊ वर्षांची आहे. तसं इथं कमी काही नाही, तरी दुपार झाली की घर खायला उठतं.

गावाकडं माझ्या हातात कायम सुई असायची. वाकळ शिवायचा मला नाद, इथं गोधडी म्हणतात ती. आजवर अकरा शिवल्या. मुंबईला येताना आईची चार जुनी लुगडी घेऊन आले. आईच्या माघारी तेवढीच राहिलीत. इथं दोनदा अंथरली, दोन्ही वेळा उसवून परत घडी घालून ठेवली. जागाच नाही. हे म्हणतात, "कशाला तो पसारा? ऑनलाइन हवं तसं पांघरूण मिळतं."

गेल्या वर्षी यांना रजा मिळाली नाही, म्हणून गौरीला गावी गेलो नाही. दादरहून मुखवटे आणून इथंच गौरी बसवल्या. सासूबाई फोनवर रडल्या. नवरात्रात घटासाठी माती विकत आणली. मातीचे पैसे देताना पोटात कसंतरीच झालं. उन्हाळ्यात कुरडया घालायला गच्ची मागितली तर सोसायटीचे सेक्रेटरी नाही म्हणाले. आणि परवा लेक म्हणाली, "आई, माझ्या मैत्रिणींसमोर लई-बिई म्हणू नको ना."

हे गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एकादशीला तिन्हीसांजेला पखवाजाच्या पुडीला, म्हणजे वाजवायच्या कातड्याला, लावायला माझ्याकडून कणकेचा गोळा मागून न्यायचे. आता घरी यायलाच नऊ वाजतात. मी काही बोलायला गेले की म्हणतात, "अगं, ही मुंबई आहे."

सगळं सोडून द्यावं का? आणि नाही सोडायचं, तर एवढ्याशा जागेत काय काय धरून ठेवू? मला अहो-जाहो करू नका. यांच्याशिवाय इथं दोन वर्षांत मला कुणी "अगं" म्हणालेलं नाही.

— एक वाचक, भांडुप

*

अगं,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळीपाशी थांबले. सकाळी दार उघडल्यापासून रात्री कडी लागेपर्यंत बाईला गावात दहा-वीस वेळा तरी "अगं" ऐकू येतं. कुणाला विरजण हवं असतं, कुणी पोराला सांभाळायला ठेवून जातं, कुणाचं काहीच काम नसतं. तुला काय बोचतंय ते त्या एका ओळीत आलं, आणि बाकीचं पत्र मी त्याच ओळीच्या उजेडात वाचलं.

दुखणी तू बरीच लिहिली आहेस. सगळ्यांना मी सारखा वेळ देणार नाही. वाकळेवर जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्या गाठी तिथूनच सुटतील असं मला मनापासून वाटतं.

तू लिहितेस, जागा नाही. मी जरा हिशेब केला. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या केल्या की पावणेसात फूट लांबी निघते, आणि रुंदी साधारण चार फूट. वन बीएचकेच्या हॉलमध्ये टीपॉय उचलून स्वयंपाकघरात ठेवला तर एवढी जागा मिळते. कशीबशी, पण मिळते. मग दोनदा अंथरून दोनदा का उसवलीस? तू लिहिलं नाहीस, पण अकरा वाकळा शिवलेल्या बाईनं टाका उसवला म्हणजे एकच कारण असणार. चुण्या पडल्या.

पडणारच. थर एकावर एक घालून ताणायचे, तर चार कोपऱ्यांना चौघी लागतात. एकीनं एक कोपरा ओढला की समोरचा सरकतो. तो नीट करायला गेलं की मधे फुगा येतो. जुनं लुगडं तर आणखी लबाड, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की हात फिरवला तरी जागचं हलतं. गावात हे कधी लक्षातच येत नाही. अंगणात लुगडं अंथरलं की शेजारीण न बोलावता येते आणि बोलता बोलता कोपऱ्यावर बसते. तिच्या मागून दुसरी येते. टाचण घालून होईपर्यंत त्यांचं वजन चार कोपऱ्यांवर असतं. पुढं महिनाभर एकटी बसून शिवलं तरी चालतं. तुला इथं जागा कमी पडली नाही गं, हात कमी पडले.

मी हे सांगते कारण माझी स्वतःची एक वाकळ तीन वर्षं अर्धवट पडून होती. १९८६ साली लग्न होऊन कोरेगाव तालुक्यातून मी परळला चाळीत आले. दहा बाय बाराची खोली, माणसं सात. सासरे गिरणीत विणकर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हापासून घरी बसले ते कायमचेच. सासूबाई डबे करायच्या. त्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, तरी तिथं मी चार वाकळा शिवल्या, त्या गॅलरीत. दुपारी पाणी भरून झालं की गॅलरीत लुगडं पसरायचं. एक कोपरा रत्नागिरीच्या वहिनींकडे, एक बेळगावच्या काकूंकडे. जाणारी-येणारी माणसं भिंतीला चिकटून जायची, कुणी बोल लावला नाही.

पुढं २००७ मध्ये आम्ही मुलुंडला टॉवरमध्ये राहायला आलो. हॉल मोठा, फरशी गुळगुळीत. चाळीतल्या सबंध खोलीपेक्षा तो हॉल मोठा होता, आणि तिथं माझी वाकळ होईना. मलाही वाटायचं, आता वय झालं, नजर गेली. शेवटी ती बेडच्या बॉक्समध्ये गेली. तीन वर्षांनी मी बॉक्स आवरत होते, दार उघडं होतं, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बंगाली सूनबाई कुरियर घ्यायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी तो गठ्ठा बघितला आणि चप्पल काढून थेट आत आल्या. धावदोऱ्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "काँथा!" त्यांच्या आजीकडे जुन्या साड्यांचे थर घालून याच टाक्यानं पांघरुणं शिवत. मी त्यांना वाकळ हा शब्द शिकवला, त्यांनी मला काँथा. त्याच संध्याकाळी आम्ही दोघी आणि त्यांच्या दोन मुली अशा चौघींनी कोपरे धरले.

तेव्हापासून मी विचारत सुटले. बिहारी घरात हीच वस्तू सुजनी म्हणून निघते. सिंधी, कच्छी, राजस्थानी घरात रल्ली. कुठं नक्षी वेगळी, कुठं ठिगळांची मांडणी वेगळी, पण जुनं कापड, थर आणि धावता टाका तोच. मुंबईच्या कुठल्याही बिल्डिंगमध्ये दहा दारं वाजवलीस तर दोन-तीन घरांत अशी एक आजी असतेच, जिच्या बोटांना तो टाका ठाऊक आहे आणि जिला गेल्या वीस वर्षांत कुणी सुई दे म्हणालेलं नाही.

म्हणून आईच्या लुगड्यांना आत्ता हात लावू नकोस. ती कपाटात राहू देत, महिन्या-दोन महिन्यांनी घडी मात्र मोडत जा, नाहीतर घडीवरच चिरतील. पहिल्यांदा एक दुपटं कर, तीन बाय तीन फुटांचं. बिल्डिंगमध्ये कुणीतरी बाळंतपणाला आलेली असतेच. तिच्यासाठी शिवतेय असं सांगून शेजारच्या घरांतून जुन्या सुती साड्या मागून आण. मागायला संकोचू नकोस. मुंबईत द्यायला लोक तयार असतात, त्यांना मागणारं कुणी भेटत नाही. साडी घेताना एवढंच म्हण, "रविवारी चार वाजता टाचण घालणार आहे, अर्धा तास या." ज्या घराची साडी त्यात गेलीय त्या घरातली बाई येतेच. आपली साडी कुठं बसली ते तिला बघायचं असतं.

शिवायच्या पद्धतीत थोडा बदल कर. आपण कडेपासून गोल गोल आत येत शिवतो, त्याला चारी बाजूंनी फिरायला जागा लागते. मी आता चौघींकडून टाचण घालून घेते, आडवं-उभं, वीतभर अंतरावर. मग एका टोकाकडून ओळीनं शिवत जाते आणि शिवलेला भाग चटईसारखा गुंडाळत जाते. अशी वाकळ मांडीवर मावते. लेक शाळेतून आली की गुंडाळी सोफ्यामागं उभी करायची, पसारा म्हणून कुणी नाव घेणार नाही. आणि सुरुवात पावसाळ्यात करू नकोस. इथल्या दमट हवेत सुती थर आतून ओलसर राहतात आणि वास धरतात. गावाकडं घटस्थापनेच्या आधी सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर नेऊन दसऱ्याचं धुणं काढतात ना, तोच मुहूर्त इथंही धर. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. दुपट्यासाठी मिळालेल्या साड्या तेव्हा धुऊन खडखडीत वाळव, आणि दसरा झाला की सुई हातात घे.

आईची लुगडी सर्वांत शेवटी, हात जमल्यावर. ती विरली असतील तर आतल्या थरांत घाल आणि वरखाली एक-एक धडसं पातळ लाव. काठ मात्र आधी काढून ठेव आणि कडेला बाहेरून लाव. पांघरताना हाताला लागतात.

आता गौरी. इथं माझं मत स्पष्ट आहे, तुला आवडेल न आवडेल. घरची गौर ज्या घरी बसते तिथंच तिला बसू दे. सासूबाई रडल्या त्या तुम्ही इथं पूजा केलीत म्हणून नाही. सुनेनं वेगळ्या गौरी मांडल्या म्हणजे चूल वेगळी झाली, असा आपल्याकडं त्याचा अर्थ घेतला जातो. तुझ्या मनात तसं काही नव्हतं हे मला कळतं. तू त्यांना फोन करून हे एवढंच सांग, की मुखवटे आणले ते घरात सण दिसावा म्हणून, वेगळं व्हायला नाही. ते मुखवटे यंदा लुगड्यात गुंडाळून गावी ने, त्यांच्यासमोर ठेव आणि काय करायचं ते त्यांना विचार.

जाण्याचं म्हणशील, तर गौर तीन दिवसांची. अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. तारखा वर्षभर आधी कालनिर्णयात छापून येतात. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि तिकीट काढायचं काम यांच्याकडं द्या. यांना रजा मिळाली नाही तर तू आणि लेक दोघी जा. मुंबईत शाळांना गणपतीची सुट्टी असते. बाईमाणूस लेकराला घेऊन एकटी कशी जाईल, असं गावात कुणी म्हणेल. म्हणू दे. आणि सासूबाईंशी उलटा शब्द टाक, गौरी तुमच्याकडं, दिवाळीची पहिली आंघोळ आमच्याकडं. भांडुपला येऊन त्यांनी नातीला उटणं लावावं. दोन्हीकडं दोन्ही सण ओढत बसलीस तर वर्षातले चार महिने तू फक्त रजा आणि तिकिटं मोजशील.

घटाच्या मातीचं तू लिहिलंस ते मला लागलं. परळला आले त्या पहिल्या वर्षी मीही ती विकत घेतली होती आणि रात्री रडले होते. पण दादरच्या बाजारात ती पुडी विकायला बसलेली बाई कुठून येते ते पुढच्या वर्षी मी विचारलं. वसईकडची होती. पहाटेच्या गाडीनं माती, पत्रावळ्या, तेरडा, आंब्याचे टाळे घेऊन यायची. आपल्या घरात सण व्हावा म्हणून ती रात्री दोनला उठलेली असते. त्यानंतर मला पैसे द्यायला जड गेलं नाही. तरी गावची काळी माती हवीच असेल, तर गौरीहून येताना किलो-दोन किलो पिशवीत आण. दसऱ्याला घट उठले की ती कुंडीत घालायची आणि कढीलिंब लावायचा. माझ्याकडं कृष्णाकाठच्या मातीतला एक कढीलिंब आहे, सोळा वर्षांचा, आणि आमच्या मजल्यावरच्या चार घरांच्या फोडणीत तोच असतो.

लेकीचं "लई". तिला रागावू नकोस, आणि तुझा शब्द बदलूही नकोस. नऊ वर्षांच्या मुलीला वर्गात वेगळं दिसायचं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. हा शब्द संतांच्या अभंगांतसुद्धा आहे, ते तिला तिचे बाबा कधीतरी सांगतील, तुझ्यापेक्षा त्यांच्या तोंडून तिला पटेल. तू दुसरं काहीतरी कर. नवरात्रात एका संध्याकाळी घरी हादगा घाल. पुण्या-मुंबईकडं भोंडला म्हणतात, तू हादगाच म्हण. सूर्य हस्त नक्षत्रात आला की पाटावर हत्ती काढायचा आणि मुलींनी भोवती फेर धरायचा. गावी सोळा दिवस चालतो, पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशा वाढत जातात. इथं एक संध्याकाळ पुरे आणि खिरापती तीन. बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलींना बोलाव, तमिळ असो, गुजराती असो. गाणी त्यांना समजली नाहीत तरी फेर समजतो. पण खरी गंमत डब्याची. झाकलेला डबा कानापाशी हलवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. एक पदार्थ असा कर की जो फक्त तुमच्याकडं होतो, सातूचं पीठ किंवा शेंगाची पोळी. एकीलाही ओळखता येणार नाही आणि उत्तर फक्त तुझ्या लेकीला ठाऊक असेल. त्या संध्याकाळी ती तुझे शब्द स्वतःहून वापरते की नाही बघ.

याच ओघात संक्रांतीचं सांगते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करतात. शेजार जोडायला मुंबईत यासारखा दुसरा रस्ता नाही, कारण त्या निमित्तानं प्रत्येक दारावर जाता येतं. फक्त एक कर, नवरा नसलेल्या बायकांना वगळू नकोस. तुझ्या जिल्ह्याला लागूनच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. आपल्या मुलखातल्या एका खेड्यानं जे केलं ते सातव्या मजल्यावर करायला काहीच अडचण नाही. माझ्या चाळीत सासूबाई विधवा झाल्यावर त्या दिवशी दार लोटून आत बसायच्या. डबे करून सबंध घर उभं केलेली बाई, आणि त्या दारामागचा अंधार मी विसरलेले नाही. गावाकडून आणायच्या गोष्टी निवडताना हेही निवडायचं असतं. तिथलं सगळंच जपण्यासारखं होतं असं नाही. आणि ज्या आजी तुझ्या दुपट्याचा कोपरा धरणार आहेत, त्यांतल्या निम्म्या एकट्याच असतील.

कुरडयांवर फार बोलत नाही. गहू तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळायचा, हे तू जाणतेस. तो शिजवताना घोटायलाही दोघी लागतात. मे महिन्यात लेकीला सुट्टी असताना ते गावी कर आणि डबा भरून आण. गच्चीसाठी पहिल्याच वर्षी भांडू नकोस. संक्रांतीला चार घरं ओळखीची झाली की पाच जणींच्या सह्यांचा अर्ज दे, एप्रिलमधले दोन रविवार, सकाळी आठ ते चार, गच्ची झाडून देऊ असं लिहून. एकटीला नाही म्हणणं सोपं असतं. आणि अर्ज देताना सेक्रेटरींना सांग, १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्यातून लिज्जत उभं राहिलं. मुंबईच्या गच्चीला वाळवण नवं नाही.

राहिले तुझे यजमान. "ही मुंबई आहे" हे वाक्य ते तुला ऐकवतात, पण मला वाटतं ते स्वतःलाच सांगत असतात. तुझी सुई निदान तुझ्याबरोबर आली. त्यांचा पखवाज गावातच गवसणीत राहिला असणार, तू आणल्याचं कुठं लिहिलेलं नाहीस. ज्याच्या हाताखाली दर एकादशीला मंडळ उभं राहायचं, तो माणूस आता रोज लोकलमध्ये दांडी धरून उभा असतो. तुझ्या वाकळेला पसारा म्हणताना त्यांना काय दुखत असेल याचा एकदा विचार कर. त्यांच्या बोलण्याचं मी समर्थन करत नाही. तुला लागलंय, आणि ते त्यांना एकदा शांतपणे सांगच. पण नुसतं सांगून भागणार नाही.

परळ-लालबागला, डिलाईल रोडला गावांच्या नावानं खोल्या असत, त्यांतल्या काही अजून आहेत. एका गावची वीस-तीस माणसं एका खोलीत, कुणी दिवसपाळीला तर कुणी रातपाळीला, झोपायचीसुद्धा पाळीपाळीनं. जेवण खाणावळीत. माझे सासरे लग्नाआधी तशा खोलीत राहायचे. सांगायचे की माणसांना पाय लांब करता येत नव्हते, पण पखवाज खुंटीला टांगलेला असायचा आणि शनिवारी रात्री भजन व्हायचं. ती सगळी माणसं कामाला आली होती, थकलेली होती, आणि त्यांनाही मुंबई मुंबईच होती.

यांना सांग, तुमच्या तालुक्याचं मंडळ मुंबईत कुठं ना कुठं असतंच, गावाकडच्या जुन्या माणसांना विचारलं की फोन नंबर मिळतो. दुसरं, मध्य रेल्वेवर सकाळच्या कितीतरी गाड्यांत ठरलेल्या डब्यात भजनी मंडळं असतात, टाळ-मृदंगासकट. आठवडाभर डबा बदलून बघायला काय जातं? भांडुपमध्ये कोकणातली माणसं पुष्कळ. त्यांची भजनं वारकरी भजनापेक्षा निराळ्या चालीची, डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, तर वेगळाच फड, पण पखवाज वाजवणारा हात त्यांना परका वाटत नाही. फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर वाजवून शेजार तोडू नका, देवळात जा. आणि आषाढीला तिघं मिळून वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जा. रांग मोठी असते, पण रांगेत उभं राहिल्यावर कानावर जे पडतं त्यानं त्यांची बोटं आपोआप हलू लागतील.

गौरीहून परतताना पखवाज बरोबर आणा. इथल्या हवेला पुडी सैल पडते, पावसाळ्यात तर फारच, तेव्हा सुती कपड्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेव. त्यानंतरच्या एकादशीला कणीक मळताना गोळाभर जास्त मळ, जरा सैलसर. त्यांनी मागायची वाट बघू नकोस, वाटीत काढून पखवाजाशेजारी ठेव.

आणि दुपट्याच्या टाचणीचा रविवार ठरला की मला कळव. मी मुलुंडला असते, भांडुपपासून दोन स्टेशनं. तू, तुझी लेक आणि शेजारची एक आजी, अशा तिघी तर होतीलच. चौथ्या कोपऱ्याला मी येते.

तुझी
ताई